वाढत्या अंगाचं

ऑक्टोबरमधली शुक्रवारची रात्र. हायस्कूलच्या मैदानालगतच्या टपरीत मी नाचोजवर गरम चीज ओतत होते. खिडकीपलीकडे रांगेत उभ्या असलेल्या दोघांपैकी एक जण मैदानाकडे बोट करून म्हणाला, "घोटे बघ त्याचे. मनगटं बघ. अजून पन्नास पौंड सहज पेलेल हा." दुसऱ्यानं मान डोलावली. "कमरेत बसतोही छान. पण आई किती उंच आहे ते कळायला हवं."

माझा हात थांबला. हे बोलणं मी आधी ऐकलं होतं. ओहायोत नव्हे, सांगलीत. माझे मामा तरुणपणी तालमीत होते, आणि कुस्ती सुटल्यावरही रोज संध्याकाळी तालमीबाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसायचे. नऊ-दहा वर्षांची असताना मी कधीमधी त्यांचं बोट धरून जायचे. कुणी बाप पोराला घेऊन आला की वस्ताद आधी पोराचा घोटा चिमटीत धरून बघायचे, मग मनगट, आणि मग बापाकडे एक नजर टाकायचे. मामा मला सांगायचे, "पोरी, हाडपेर बघायचं असतंय. मास काय, खुराकानं चढतंय." ते दोघं ज्याला 'फ्रेम' म्हणत होते, त्याला माझ्याकडे लहानपणापासून शब्द होता. त्या रात्रीपासून मी या बोलण्यात ओढली गेले ती गेलेच.

आम्ही कोलंबसजवळ राहतो, येऊन आता वीस वर्षं होत आली. मुलगा शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये सूझाफोन वाजवायचा. घरच्या सामन्यांना बँडच्या पालकांनी टपरी चालवायची आणि त्या पैशातून वाद्यांची दुरुस्ती, बसभाडं भागवायचं, अशी इथे रीत आहे. हंगाम दहा शुक्रवारांचा. ऑगस्टअखेरीस घामाघूम होत सुरू होतो आणि हातमोज्यांतही बोटं आखडायला लागतात तेव्हा संपतो. चार वर्षं मी त्या खिडकीत हॉट डॉग आणि हॉट चॉकलेट विकलं. चेंडू कुठे गेला ते तिथून कधी दिसलं नाही. माणसांचं बोलणं मात्र सगळं ऐकू यायचं.

ज्याचे घोटे बघितले जात होते तो मुलगा अकरावीत होता. त्याचं नाव मी लिहिणार नाही, शाळेचंही नाही. त्याला तेव्हा सतरावंही पुरं झालं नव्हतं. तो लेफ्ट टॅकल खेळायचा.

ज्यांनी अमेरिकन फुटबॉल पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. आक्रमण करणाऱ्या संघाच्या पुढच्या फळीत पाच धिप्पाड मुलं असतात. ही फळी म्हणजे 'लाइन', आणि ही मुलं 'लाइनमन'. मधला सेंटर दोन पायांतून चेंडू मागे देतो, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडेला टॅकल. समोरून चार-पाच तितकेच धिप्पाड गडी चाल करून येतात, त्यांना चेंडू फेकणाऱ्या आपल्या क्वार्टरबॅकपर्यंत पोचू द्यायचं नाही, किंवा पळणाऱ्यासाठी वाट फोडायची, एवढंच यांचं काम. क्वार्टरबॅक उजव्या हातानं फेकणारा असेल तर फेकताना त्याची पाठ डावीकडे असते, म्हणून लेफ्ट टॅकलला एवढी किंमत. या पाच जणांचे नंबर ५० ते ७९ मधले. एरवी त्यांनी पास झेलायचा नाही, असा नियम आहे. सामना संपल्यावर वर्तमानपत्रात जो आकड्यांचा तक्ता येतो त्यात यांच्यासाठी रकानाच नसतो. भोंग्यावर त्यांचा नंबर ऐकू येतो तो पंच दंड पुकारतात तेव्हा: होल्डिंग, अमुक नंबर, दहा यार्ड मागे.

कॉलेज फुटबॉलचा सर्वांत मोठा मान म्हणजे हाइसमन ट्रॉफी. १९३५ पासून ती दिली जाते आणि या पाच जागांवरच्या एकाही मुलाला ती आजवर मिळालेली नाही. आमच्या कोलंबसमधल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचा जॉन हिक्स १९७३ साली दुसरा आला. १९९६ साली ऑर्लँडो पेस चौथा. एवढ्यावरच समाधान.

आमच्या शेजारचे आजोबा पेसच्या गोष्टी डोळे मिटून सांगतात. जन्मभर शाळेची बस चालवली, आता पाठीमुळे घरीच असतात. मला खेळ बघायला त्यांनी शिकवलं. त्यांच्या तळघरातल्या टीव्हीपुढे बसवून पहिल्याच दिवशी म्हणाले, "चेंडूकडे बघू नकोस. चेंडू कुठे गेला ते ओरडण्यावरून कळतंच. तू कडेच्या पोराचे पाय बघ." मी बघायला लागले. पहिले दोन महिने काही समजलं नाही, आणि मग एका शनिवारी अचानक दिसलं. समोरचा झेपावला, यानं मागे सरकत सरकत, पाय जमिनीपासून फार उचलू न देता, दोन्ही तळवे त्याच्या छातीवर असे काही ठेवले की तो गडी पाण्यात चालावं तसा चालायला लागला. चेंडू पंचवीस यार्ड लांब गेला, एक लाख माणसं त्या दिशेनं ओरडली आणि आजोबा मात्र पडद्याच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवून बसले होते.

पेस एरी सरोवराकाठच्या सँडस्की गावचा. १९९४ साली ओहायो स्टेटमध्ये आला आणि पहिल्याच वर्षी लेफ्ट टॅकलच्या जागेवर उभा राहिला. या जागेवर असं क्वचितच होतं. १९९७ साली एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीत अख्ख्या देशात पहिलं नाव त्याचं पुकारलं गेलं. तेव्हापासून इथे प्रत्येक गावातल्या थोराड पोरात माणसं पेस शोधतात. आजोबाही शोधतात. मुलांच्या चित्रफिती फोनवर बघतात आणि मला बोलावतात, "ये, हा बघ, टोलेडोकडचा. शिट्टी वाजेपर्यंत सोडत नाही समोरच्याला."

कोलंबसमध्ये ओहायो स्टेटचं वेड किती आहे हे सांगून पटायचं नाही. ओलेंटँजी नदीकाठचं घोड्याच्या नालेच्या आकाराचं १९२२ सालचं ते स्टेडियम, त्यात १,०२,७८० माणसं बसतात आणि ते भरतं. आमच्या मराठी मंडळींचा गणपतीचा कार्यक्रम शनिवारी ठेवायचा तर आधी सामन्यांचं वेळापत्रक बघावं लागतं, नाहीतर अर्धी माणसं वाहतुकीत अडकतात. पण सामने सप्टेंबर ते नोव्हेंबर, फार तर जानेवारी. उरलेलं वर्ष माणसं काय बोलतात? पुढच्या वर्षी कोण येणार, ते. आणि त्यातही सर्वांत जास्त, सर्वांत काळजीनं, लाइनमन कोण येणार ते. न्हाव्याकडे, पेट्रोल पंपावर, चर्चच्या पॅनकेक नाश्त्याला, माझ्या ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी. झेल घेणारी मुलं मिळतीलच असा त्यांना विश्वास आहे. लाइनबद्दल मात्र जीव टांगणीला असतो.

त्याला कारण आहे. २७ नोव्हेंबर २०२१ ला ॲन आर्बरमध्ये मिशिगननं ओहायो स्टेटला ४२–२७ हरवलं. मिशिगनच्या हसन हॅस्किन्सनं पाच टचडाउन केले, म्हणजे पाच वेळा चेंडू शेवटच्या रेषेपार नेला, आणि प्रत्येक वेळी तो ज्या वाटेनं गेला ती वाट पुढच्या पाच जणांनी फोडलेली होती. आजोबा पूर्ण सामना संपेपर्यंत बसले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "आपल्याला ढकललं त्यांनी." या खेळात यापेक्षा लागणारं वाक्य नाही. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही, सर्वोत्तम लाइनसाठी असलेला 'जो मूर' पुरस्कार मिशिगनला मिळाला. हा पुरस्कार २०१५ पासून आहे आणि एकट्यादुकट्याला नव्हे, अख्ख्या लाइनला मिळून देतात. मला या खेळातला तोच सर्वांत शहाणा पुरस्कार वाटतो. ते वर्ष धरून मिशिगननं सलग चार वर्षं हरवलं. त्या चार वर्षांत कोलंबसमधल्या सतरा वर्षांच्या प्रत्येक उंच मुलाकडे माणसं कशा नजरेनं बघत होती, ते मी खिडकीतून पाहिलंय.

विद्यापीठ मुलाला शिष्यवृत्ती देऊ करतं, ती 'ऑफर'. मुलगा तोंडी हो म्हणाला की तो 'कमिट' झाला. या तोंडी शब्दानं कुणीच बांधलं जात नाही, म्हणून सह्या होईपर्यंत सगळ्यांच्या पोटात गोळा. सह्या पूर्वी फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी व्हायच्या, २०१७ पासून डिसेंबरातही होतात, आणि आता बहुतेक सगळं डिसेंबरातच उरकतं. मुलांना तारे देणाऱ्या संस्था आहेत. त्यातली एक दरवर्षी साधारण बत्तीस मुलांना पाच तारे देते, कारण एनएफएलच्या निवडीच्या पहिल्या फेरीत बत्तीस जागा असतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला गुण दिले जातात, ते दशांश चिन्हापुढे चार आकड्यांपर्यंत. २०२१ च्या जुलैपासून मुलांना आपल्या नावावर, चेहऱ्यावर पैसे घेता येऊ लागले. २०२५–२६ पासून तर विद्यापीठांना सगळ्या खेळांचे मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर थेट खेळाडूंमध्ये वाटायची मुभा मिळाली. या पैशाविषयी माझं ठाम मत आहे: मुलांना ते मिळायलाच हवेत. त्यांच्या खांद्यावर बाकी सगळे कमावत होते.

पण या सगळ्यात मला गुंतवून ठेवणारी गोष्ट वेगळी आहे. इतर जागांवरचा मुलगा माणसं आज कसा खेळतो त्यावरून जोखतात. लाइनमनचं तसं नाही. सतरा वर्षांचा मुलगा, वजन ११५ किलो, त्याला बावीस वर्षांच्या १४० किलोच्या गड्यापुढे उभं करता येत नाही. त्यानं दोन-तीन वर्षं खायचं, वजनं उचलायची, झोपायचं, पाय कसे टाकायचे ते शिकायचं, मग त्याची पाळी. म्हणून लाइनमन शोधणारी माणसं समोर उभ्या असलेल्या मुलाकडे बघतच नाहीत. ती बघतात तीन वर्षांनी होणारा माणूस, जो अजून कुठेच नाही.

लहानपणी शाळेचा गणवेश घ्यायला गेलं की दुकानदार आणि आई यांचं एकाच वाक्यावर एकमत व्हायचं: वाढत्या अंगाचा घ्या. जूनमध्ये बाह्या बोटांपर्यंत यायच्या. आई घरी फ्रॉक शिवायची तेव्हा शिलाईत दोन बोटं माया सोडायची, पुढच्या वर्षी उसवून मोठा करता यावा म्हणून. ओहायोतली ही माणसं तसंच करतात, फक्त कपडा नाही, अख्खं पोरच वाढत्या अंगाचं घेतात. आणि शिलाईत माया किती आहे ते बाहेरून चाचपून बघायचं म्हणून घोटे, मनगटं, आईची उंची.

आईची उंची तर त्या रात्रीच कळली. कारण ती रांगेत त्यांच्या मागेच उभी होती. ती पुढे येऊन मला म्हणाली, "एक हॉट चॉकलेट," आणि मग त्या दोघांकडे वळून शांतपणे, "पाच फूट अकरा. माझे भाऊ सगळे सहा-चारच्या वर." ती दोघं ओशाळली, पण क्षणभरच. लगेच एकानं विचारलं, "भावांनी अंग कधी धरलं? विशीनंतर?" मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "धाकट्यानं एकविसाव्या वर्षी." मुलगा मामावर जातो असं आपल्याकडे म्हणतात. ओहायोतल्या थंडीत, नाचोजच्या वाफेत, तीन माणसं त्याच विषयावर गंभीरपणे बोलत होती.

त्यानंतर ती दर शुक्रवारी खिडकीपाशी थांबू लागली. ती नर्स, रात्रपाळी करायची, सामन्याहून थेट कामावर. तिच्याकडून मला दुसरी बाजू कळली. गॅरेजमध्ये वेगळा फ्रिज ठेवावा लागतो. दूध गॅलनांनी आणि अंडी साठाच्या खोक्यानं येतात. मुलाला झोपेतून उठवून खायला घालायचं, कारण एकदा भूक टळली की किलोभर वजन उतरतं आणि ते पुन्हा चढवायला आठवडा जातो. तो जेवताना आनंदी नसतो, असं ती एकदा म्हणाली. "माझ्या मुलाला जेवण म्हणजे गृहपाठ झालंय." मला मामांच्या घरचा तो मोठा पितळी पेला आठवला. बदाम वाटलेली थंडाई, वर तूप. आजी म्हणायची, पोरगं पिताना नाक मुरडायचं, पण खाली ठेवायचं नाही.

जूनमध्ये ती त्याला एका मोठ्या विद्यापीठाच्या शिबिराला घेऊन गेली. अशी एका दिवसाची शिबिरं उन्हाळ्यात सगळीकडे होतात. मुलं रांगेत उभी राहतात, बूट काढून उंची, मग वजन, मग तळहाताची रुंदी, हाताची लांबी, दोन्ही हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत. शाळेच्या पत्रकात त्याची उंची सहा फूट पाच छापलेली. पट्टी म्हणाली सहा फूट पावणेचार. हात तेहतीस इंचांहून थोडे कमी. टॅकलचे हात चौतीसच्या आसपास असावेत असं सगळे धरून चालतात. ती मला सांगत होती, "त्या माणसानं आकडा मोठ्यानं वाचला, दुसऱ्यानं लिहिला, आणि लिहिणाऱ्यानं वर बघितलंच नाही. मला तिथेच कळलं." परतीच्या वाटेवर मुलानं तिला विचारलं, हात लांब व्हायला काही करता येतं का.

ते ऐकून मी घरी आले आणि बराच वेळ स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले. जुलैत आजोबांशीही बोलले. ते त्या बातमीनं हिरमुसले होते. "मग गार्ड होईल," ते म्हणाले, "आतल्या जागेला हात आखूड चालतात." मी त्यांना विचारलं, "तुम्ही सतरा वर्षांचे असताना कुणी तुमचे हात मोजले असते तर?" ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी बस चालवायचो तेव्हा मागच्या बाकावरचं सगळ्यात मोठं पोरगं नेहमी सगळ्यात गप्प असायचं. सगळे त्याच्याकडे मोठा माणूस म्हणून बघायचे. सहावीतलं पोर." त्यानंतर त्यांच्या बोलण्यात तो मुलगा आला की ते आधी विचारायचे, बरा आहे ना?

मोजपट्टी चुकते का? भरपूर चुकते, आणि हे त्या शोधणाऱ्या माणसांनाही ठाऊक आहे. जेसन केल्सी इथलाच, क्लीव्हलँड हाइट्सचा. सिनसिनाटी विद्यापीठात शिष्यवृत्तीशिवाय गेला, तोही लाइनमन म्हणून नव्हे. तिथे त्याला लाइनवर आणलं. २०११ च्या निवडीत १९१ वा पुकारला गेला, आणि तेरा हंगाम फिलाडेल्फियाचा सेंटर म्हणून खेळून या जागेवरच्या सर्वोत्तम माणसांत जाऊन बसला. मिशिगनमधल्या माउंट प्लेझंट या लहान गावातल्या सेंट्रल मिशिगन विद्यापीठाचं उदाहरण तर मला फार आवडतं. जो स्टेली तिथे टाइट एंड, म्हणजे पासही झेलणारा गडी, म्हणून आला आणि टॅकल होऊन २००७ साली पहिल्या फेरीत गेला. एरिक फिशरला शाळेत असताना मोठ्या विद्यापीठांनी फारसं विचारलं नव्हतं. २०१३ साली तो देशातली पहिली निवड ठरला. २०२४ चा 'जो मूर' पुरस्कार वेस्ट पॉइंटच्या आर्मी संघाला मिळाला, आणि त्या लाइनमधली मुलं तारे वाटणाऱ्यांच्या यादीत वरच्या पानांवर कधी नव्हती.

तारे खरे ठरत नाहीत असंही नाही. पाच तारेवाली मुलं तीन तारेवाल्यांपेक्षा पुढे जाण्याचं प्रमाण जास्तच आहे, शोधणाऱ्यांची नजर काही उगीच नाही. २०२४ च्या हंगामात ओहायो स्टेटचा लेफ्ट टॅकल जॉश सिमन्स ऑक्टोबरात ओरेगनमध्ये जायबंदी झाला, नोव्हेंबरात सेंटर सेथ मॅक्लॉफ्लिनचा घोट्यामागचा स्नायुबंध तुटला. पाचातले दोन गेले, तेही सर्वांत महत्त्वाचे. डॉनोव्हन जॅक्सन गार्डच्या जागेवर खेळायचा, २०२१ साली टेक्ससमधून पाच तारे घेऊन आलेला. त्याला उचलून लेफ्ट टॅकलला उभा केला, मधल्या जागी कार्सन हिन्झमन परतला, आणि २० जानेवारी २०२५ ला अटलांटामध्ये नोत्र दामला ३४–२३ हरवून ओहायो स्टेट राष्ट्रीय विजेता झालं. त्या रात्री आजोबांनी मला फोन केला आणि क्वार्टरबॅकचं नावही न घेता म्हणाले, "कार्सन!" वर्षानुवर्षं गावोगाव घोटे बघत हिंडणाऱ्यांचं म्हणणं त्या रात्री मला पूर्णपणे पटलं. बाकीच्यांना जेव्हा काही दिसत नव्हतं तेव्हा कुणीतरी टेक्ससमधल्या एका शाळकरी मुलाच्या पायांकडे नीट बघितलं होतं.

मामांचे गुडघे पन्नाशीत गेले. कुस्ती सुटली, खुराकाची सवय सुटली नाही, अंग वाढत गेलं. शेवटची वर्षं जिना चढताना कठड्याला धरून मध्येच थांबायचे आणि खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या मला म्हणायचे, "जा तू पुढं." क्लीव्हलँडच्या एनएफएल संघाचा लेफ्ट टॅकल जो थॉमस, ज्यानं ओळीनं १०,३६३ डाव एकही न चुकवता खेळले, त्यानं निवृत्त झाल्यावर वीस किलोहून अधिक वजन उतरवलं. त्याचं आधीचं आणि नंतरचं छायाचित्र शेजारी ठेवलं तर दोन भाऊ वाटतात. खेळणाऱ्याचं एक अंग आणि जगायचं दुसरं. मुलाच्या आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "नर्स आहे मी. रोज गुडघे बघते." आणि तरीही ती अंडी उकडत होती, कारण मुलाला खेळायचं होतं. तिला मी काय सांगणार?

बारावीतल्या हंगामातला शेवटचा घरचा सामना झाला तेव्हा आमच्याकडे अकरा हॉट डॉग उरले होते. दिवे अर्धे बंद झाले होते. तो खिडकीपाशी आला, खांद्यावरचे पॅड काढलेले, केस ओले, अंगातून वाफ निघत होती. "मॅम, काही उरलंय का?" मी तीन दिले. त्यानं केचपची पुडी फाडायचा प्रयत्न केला. बोटांना पांढऱ्या पट्ट्या गुंडाळलेल्या, उजव्या करंगळीचं पेर वाकडं जुळलेलं, एका नखाखाली रक्त साकळून काळं पडलेलं. पुडी इतकी लहान आणि बोटं इतकी जाड की ती निसटत होती. दोनदा निसटली. मी हात पुढे केला, त्यानं मुकाट्यानं पुडी माझ्या तळहातावर ठेवली. मी तिन्ही पुड्या फाडून दिल्या. तो "थँक यू" म्हणाला तेव्हा आवाज माझ्या मुलासारखाच, नुकता फुटून जाड झालेला. ज्या हातांविषयी मी दोन हंगाम ऐकत आले होते ते तेव्हा पहिल्यांदा जवळून बघितले.

त्या डिसेंबरात त्यानं सही केली ती मॅक नावाच्या लहान लीगमधल्या एका विद्यापीठासाठी. शाळेच्या जिममध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, टेबलावर एकच टोपी होती. त्याच्या आईनं त्यासाठी कोट घेतला होता. त्याच्या मापाचा तयार मिळेना म्हणून एका शिंप्याकडून शिवून घेतला, आणि शिंप्याला तिनं सांगितलं होतं की शिवणीत कापड जास्त ठेव, हा अजून वाढणार आहे. हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी तिला आमच्याकडे त्या जास्त ठेवलेल्या कापडाला काय म्हणतात आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ काय, ते सांगितलं. तिनं तो शब्द दोनदा म्हणून बघितला. ओहायो स्टेटची वाट बघणाऱ्यांनी त्याचं नाव दुसऱ्या दिवसापासून काढलं नाही. त्यांच्यापुढे आता दहावीतला एक मुलगा होता. मला त्यांचा राग आला नाही, पण वाईट वाटलं.

मॅकचे सामने नोव्हेंबरात मंगळवारी, बुधवारी रात्री होतात, कारण शनिवारी मोठ्यांपुढे त्यांना टीव्ही मिळत नाही. पहिल्या वर्षीच्या मुलाला चार सामन्यांपर्यंत खेळवलं तरी त्याचं खेळायचं वर्ष खर्ची पडत नाही, असा नियम २०१८ साली आला. म्हणून नवख्या लाइनमनला आधी कधी उतरवतात, तर टचडाउननंतरच्या एका गुणाच्या किकला. ते काम दीड सेकंदाचं असतं. उभं राहायचं, शेजाऱ्याच्या पायाला पाय भिडवायचा आणि कुणाला आत येऊ द्यायचं नाही.

त्या मंगळवारी रात्री मी आजोबांच्या तळघरात होते. बाहेर पावसाबरोबर बर्फ पडत होतं. तिसऱ्या सत्रात टचडाउन झाला आणि फोन वाजला. त्याच्या आईचा निरोप होता: आता बघ. आजोबांनी चष्मा लावला. पडद्यावर पाठमोरी रांग उभी राहिली, उजवीकडून दुसरा नंबर त्याचा. चेंडू मागे आला, तो अर्धं पाऊल आत सरकला, वाकला, दोघे जण त्याच्यावर आदळले आणि तो तिथेच होता. किक खांबांमधून गेली, सगळे उठून बाकाकडे पळाले. तो शेवटी उठला. कॅमेरा वळायच्या आत मला त्याची पाठ दिसली. जर्सी अजून सैल होती.